नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आजच्या विषयाला एक घरगुती निमित्त आहे, ते आधीच सांगून टाकतो. काही महिन्यांपूर्वी आम्ही आजोबा झालो. मुलगा आणि सूनबाई इंग्लंडमध्ये लीड्सला असतात. सूनबाईंचं माहेर लखनौचं आणि आम्ही पुण्यातले. नातीचं नाव ‘ज्ञानदा’ ठेवावं असं आमच्या घरातून सुचवलं गेलं. सुचवणारी आमची ही, आयुष्यभर शाळेत शिकवलेली, त्यामुळे नावाचा अर्थ तिला जवळचा.

नाव सगळ्यांना आवडलं. अडचण पुढे आली. आम्ही म्हणायचो ‘द्न्यानदा’. लखनौचे व्याही आणि विहीणबाई प्रेमाने म्हणायचे ‘ग्यानदा’. आणि लीड्सच्या दवाखान्यात नर्सबाईंनी कागदावर डी-एन-वाय अशी सुरुवात पाहिली आणि त्या तिथेच थांबल्या. मुलाचा रात्री फोन आला. म्हणाला, “बाबा, हिला जन्मभर स्वतःचं नाव दुरुस्त करत बसावं लागेल. काहीतरी सोपं सांगा ना. मीरा, तारा, माया, असं काहीतरी.” इंग्लंडात जन्माची नोंद बेचाळीस दिवसांत करावी लागते, त्यामुळे घाई होती.

आता आपल्या सगळ्यांच्या घरात आज हा प्रश्न आहे. परदेशातच असतो असं नाही. ‘मृणाल’ लिहायचं की ‘मृणाळ’, ‘ऋतुजा’चं हिंदीत ‘रितुजा’ होणार त्याचं काय, ‘अनया’ रोमन लिपीत लिहिली की लोक ‘अनाया’ म्हणतात, ही चर्चा बारशाच्या आधी घरोघरी होते. आणि मराठीनं या चर्चेसाठी वाक्प्रचारही फार सूचक दिलाय. बाळाचं आपण नाव ठेवतो. आणि एखाद्यात दोष काढला की आपण त्याला नावं ठेवतो. फरक फक्त एकवचन-अनेकवचनाचा! मुलाची काळजी हीच होती, की आपण एक नाव ठेवायचं आणि जगानं तिला नावं ठेवायची.

तर आम्ही मुलाला म्हटलं, दोन आठवडे दे. इतिहासाच्या माणसाला दुसरं काय येतं? आम्ही कपाटातली पुस्तकं काढून बसलो. नाव ठेवताना ‘लोक ते कसं उच्चारतील’ ही काळजी आपल्याकडे किती जुनी आहे, आणि चुकीच्या उच्चारांचं पुढे झालं काय, ते शोधायला लागलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ही काळजी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पतंजलीचं ‘महाभाष्य’ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात. व्याकरण का शिकावं, याची कारणं तो अगदी सुरुवातीला देतो. त्यातलं एक कारण चक्क मुलाचं नाव ठेवणं हे आहे. मुलगा झाल्यावर दहा दिवसांनंतर नाव ठेवावं. नावाचं पहिलं अक्षर घोष असावं, म्हणजे ग, ज, द, ब यांसारखं घुमणारं. मध्ये य, र, ल, व यांपैकी काही यावं. नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं. आणि ते कोणत्या प्रकारच्या प्रत्ययाने बनलेलं असावं, हेही नियमात आहे. पतंजली म्हणतो, हे व्याकरणाशिवाय कळणार कसं? म्हणजे नाव कानाला कसं लागतं, जिभेवर कसं बसतं, याचा विचार तेव्हा शास्त्र म्हणून होत होता.

आता मनुस्मृतीकडे या. दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. मुलींची नावं कशी असावीत? पहिलीच अट आहे ‘सुखोद्य’, म्हणजे सुखाने, सहज उच्चारता येईल असं. मग ते कठोर नसावं, अर्थ स्पष्ट असावा, मनाला आवडणारं असावं, शेवटी दीर्घ स्वर असावा. आमच्या मुलाने फोनवर जे मागितलं, ते हुबेहूब हेच. मीरा, तारा, माया. सोपं, गोड, शेवटी दीर्घ आ.

पण त्याच्या दोनच श्लोक आधी काय आहे तेही वाचायला हवं. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असं असावं. सोपं काय, अवघड काय, सुंदर काय, हे ठरवणारा कोणीतरी बसलेला असतो आणि तो माणसाची जागाही ठरवत असतो. हा धागा जरा हातात धरून ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पतंजलीकडे अजून एक गंमत आहे. शुद्ध शब्द एक असतो आणि त्याचे अपभ्रंश अनेक, असं सांगताना तो ‘गौ’ या शब्दाचं उदाहरण देतो. लोक त्याचं गावी, गोणी, गोता असं काय काय करतात. हे वाचून वाटतं, की हा माणूस चुकीच्या उच्चारावर नुसता संतापलेला असेल. पण मग तो काही ऋषींची हकीकत सांगतो. थोर ऋषी, सगळं जाणणारे. पण रोजच्या बोलण्यात ‘यद्वानः, तद्वानः’ असं म्हणण्याऐवजी ते ‘यर्वाण, तर्वाण’ म्हणायचे. यज्ञात मात्र चूक करत नसत. म्हणून त्यांना दोष लागला नाही. आणि त्या ऋषींचं नाव काय पडलं? यर्वाण-तर्वाण! म्हणजे चुकीचा उच्चार हेच त्यांचं नाव झालं, आणि व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथात ते मानानं नोंदवलं गेलं.

आता ग्रंथांतून बाहेर येऊन माणसांच्या नावांचं प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. आपल्या पैठणपासूनच सुरुवात करू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा भूगोलतज्ज्ञ होऊन गेला. ग्रीक भाषेत लिहिणारा. त्यानं ‘बैठण’ या राजधानीची नोंद केली आहे, आणि तिथल्या राजाचं नाव ‘सिरो पोलेमायोस’ अशा रूपात दिलंय. हा कोण? तर संशोधक सांगतात, हा आपला सातवाहन राजा, श्री पुळुमावी. ‘श्री’चं प्राकृतात ‘सिरी’, ते ‘सिरो’ झालं. आणि पुळुमावीचं पोलेमायोस. आता बघा, टॉलेमीचं स्वतःचं ग्रीक नाव ‘टोलेमायोस’च्या जवळ जाणारं. हजारो मैलांवरच्या एका राजाचं नाव त्याच्या कानावर आलं आणि त्याच्या जिभेवर जणू स्वतःचंच नाव आलं. अनोळखी नाव आपण नेहमी ओळखीच्या साच्यात ओततो. दवाखान्यातल्या नर्सबाई निदान थांबल्या, टॉलेमी थांबलासुद्धा नाही.

आता उलट दिशा. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येकडे एक ग्रीक राजा होता, मेनान्द्रोस. त्याचे आणि भिक्खू नागसेन यांचे संवाद पाली भाषेत एका ग्रंथात आले. ग्रंथाचं नाव ‘मिलिंदपञ्ह’. मेनान्द्रोसचं झालं मिलिंद! आपल्या लोकांनी त्याच्या नावाची जी वाट लावली, ती आज आपल्याला इतकी आपली वाटते, की या सभागृहात दोन-तीन तरी मिलिंद बसलेले असतील. (हशा) पाहा, हात वर झालेच. १९५० साली औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंदाचंच नाव दिलं, आणि परिसर झाला नागसेनवन. वादात आपला मुद्दा पटवून द्यायचा आणि दुसऱ्याचा पटला तर मान्य करायचा, अशा राजाचं ते नाव. एका ग्रीक आईबापांनी ठेवलेलं नाव दुसऱ्यांच्या जिभेवर मोडलं, आणि त्या मोडलेल्या नावानं मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या.

अशी उदाहरणं कोकणातही आहेत. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू समाजाची नावं बायबलमधली. पण शेजारी मराठी बोलणारे. मग सॅम्युअलचं सामाजी, इझिकिएलचं हसाजी, आयझॅकचं इसाजी झालं. १७९६ साली मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर इतिहासात सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जातात. एकाच माणसाची दोन्ही नावं खरी. प्रार्थनेत एक आणि गावात एक. कुणी कुणाचं नाव हिरावून घेतलं नाही.

आणि आपल्या मराठी जिभेनं इंग्रजांना तरी कुठे सोडलं? पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन आपल्याकडे ‘अलपिष्टन’ झाला. वडगावच्या मोहिमेत १७७९ मध्ये कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. शत्रूच, पण शूर. मराठ्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘इष्टुर फाकडा’. स्टुअर्टचा इष्टुर झाला खरा, पण त्यापुढचं ‘फाकडा’ ऐका. उच्चार चुकला, पण आदर चुकला नाही. आमच्या मते आजच्या व्याख्यानाचं सार या दोन शब्दांत आलं.

आणि आपण आपल्या माणसांच्या, देवांच्या नावांचंही हेच केलं. ज्ञानदेवांचे ज्ञानोबा झाले आणि ज्ञानोबांचे ग्यानबा. आमचे लखनौचे व्याही ‘ग्यानदा’ म्हणतात म्हणून आम्ही मनातल्या मनात जरा नाक मुरडलं होतं, हे कबूल करतो. पण पंढरीच्या वाटेवर ‘ग्यानबा-तुकाराम’ म्हणणारे लाखो वारकरी काय म्हणतात? तेच की! हेमाद्रीचे हेमाडपंत झाले, कृष्णाचा किसन झाला, जात्यावरच्या ओव्यांत विठ्ठलाचा इठ्ठल झाला. नावं नदीतल्या गोट्यासारखी वाहत आली आणि गुळगुळीत झाली.

आता जरा ‘ज्ञ’बद्दलच बोलू. शुद्ध उच्चार कोणता? आम्ही इतके दिवस समजत होतो की ‘द्न्य’ हाच. पण वर्ण पाहा. ज अधिक ञ. ना त्यात द आहे, ना ग आहे. म्हणजे मराठी माणूस ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्य’ म्हणतो, गुजराती माणूस ‘ग्न’ म्हणतो, आणि तिघेही मूळ अक्षरापासून सारखेच लांब आहेत. दुसऱ्याचा उच्चार चुकतो असं म्हणताना आपण स्वतः कुठे उभे आहोत, हे बघितलं पाहिजे. हे लक्षात आलं त्या रात्री आम्ही व्याह्यांना फोन केला. क्षमा मागण्यासारखं काही बोललो नाही, पण ‘ग्यानदा कशी आहे’ असं आम्हीच विचारलं. ते हसले.

इथपर्यंत चित्र फार गोड झालं. पण इतिहास एवढाच सांगून थांबलो, तर तो खोटा ठरेल. कारण प्रत्येक मोडलेलं नाव प्रेमाने मोडलेलं नसतं.

इंग्रजांचं राज्य आलं आणि नावं रोमन लिपीत नोंदली जाऊ लागली. त्या लिपीत त आणि ट एक, द आणि ड एक, न आणि ण एक, ल आणि ळ एक. ‘ए’ या एका अक्षरात अ पण आणि आ पण. विल्यम जोन्सनं १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला, अक्षरांवर खुणा सुचवल्या. दुसरीकडे गिलख्रिस्टची पद्धत होती, इंग्रज कानाला जसं ऐकू येतं तसं दोन ‘ओ’, दोन ‘ई’ लावून लिहायची. ‘पूना’ असा दोन ‘ओ’ घालून लिहिला गेला, तो याच चालीचा. पुढे हंटरची पद्धत सरकारनं स्वीकारली, पण जी नावं रूढ झाली होती ती तशीच ठेवली. पुण्याला कागदोपत्री पुणे व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं आणि मुंबईला मुंबई व्हायला १९९५. इंग्रजी पत्रांत शिवाजी महाराज ‘सेवाजी’ झाले, शिंद्यांचे सिंदिया झाले, गायकवाडांचे ‘गायकवार’. ज्यांच्याकडे राज्य होतं, सैन्य होतं, त्यांची ही गत. मग साध्या माणसाचं काय?

साध्या माणसाचं काय झालं, ते मॉरिशसला बघायला मिळतं. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. बोटीतून उतरल्यावर कारकून नाव विचारायचा आणि कानाला येईल तसं लिहायचा. मजुराला वाचता येत नव्हतं, त्यामुळे दुरुस्त करणार कोण? तेच लिहिलेलं पुढे कायम झालं. कित्येक घराण्यांत पणजोबाचं साधं एकेरी नाव, तेही कारकुनाच्या स्पेलिंगात, पुढच्या पिढ्यांचं आडनाव बनलं. इथे जीभ चुकली हा प्रश्न नाही. इथे कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, हा प्रश्न आहे.

गोव्यात लिपी पोर्तुगीज वळणाची. श साठी ‘एक्स’, क साठी ‘सी’ नाहीतर ‘क्यू’. केपें हे गाव ‘क्यू’नं लिहायचं, काणकोण ‘सी’नं. शेणय आडनावाचं ‘सिनाय’ झालं, कामतचं ‘कामोतिम’. मुक्तीनंतर अनेकांनी ती नावं पुन्हा बदलून घेतली, इतकी की १९९० मध्ये गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी वेगळा कायदाच झाला.

परदेशातल्या मराठी बाईचं उदाहरण हवं असेल तर डॉ. आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना, सासरी आनंदी. त्या गेल्यावर कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी त्यांचं चरित्र लिहिलं, १८८८ मध्ये बोस्टनला छापलं. पुस्तकाच्या नावात ‘आनंदाबाई’ असं छापलंय, आणि जोशीला दोन ‘ई’. पहिली मराठी बाई डॉक्टर झाली, तिचं चरित्र निघालं, आणि मुखपृष्ठावर नावाचा उच्चार जरा सरकलेलाच राहिला. पण लिहिणारीनं तिचं आयुष्य समजून घ्यायची धडपड केली होती, हेही खरं. म्हणून त्या ‘आनंदाबाई’चा आम्हाला राग येत नाही. मॉरिशसच्या नोंदवहीचा येतो.

आता मघाशी हातात धरायला सांगितलेला धागा घेऊ. नावाचा उच्चार म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. नावाला शेवटी काय जोडलं जातं, तोही उच्चारच. एकच धोंडू. गावच्या पाटलाघरी जन्मला तर धोंडीबा, धोंडोपंत, धोंडजीराव. आणि गावकुसाबाहेर जन्मला तर म्हातारा होऊन मरेपर्यंत धोंड्या. हा उच्चार जिभेला अवघड जातो म्हणून होत नव्हता. प्रत्येकाला ‘राव’ म्हणता येत होतंच, ते म्हणायचं नव्हतं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर महार सैनिकांची ‘नाक’ शेवट असलेली नावं कोरलेली आहेत. तो ‘नाक’ जातीची ओळख म्हणून नावातच बसलेला. दगडावर मान मिळाला तरी गावात हाक ‘-या’नेच.

आणि १९५६ नंतर काय झालं? धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून मुलांची नावं बदलली. गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद. आणि मुलींची? करुणा, मैत्री, आणि प्रज्ञा. प्रज्ञा! प्रज्ञा, शील, करुणा यांतली पहिली. आता या नावाकडे उच्चाराच्या दृष्टीने बघा. सुरुवातीला ‘प्र’ हे जोडाक्षर, मग आपलं तेच ‘ज्ञ’. मनूच्या ‘सुखोद्य’ या अटीत हे नाव कसं बसणार? ज्या आयांना अक्षर गिरवू दिलं गेलं नव्हतं, ज्यांच्या घरातल्या नावांनी हीनच असावं असा नियम होता, त्या आयांनी पोरीसाठी निवडलं ते हे अवघड जोडाक्षर. काहींना स्वतःला ते नीट म्हणताही येत नसेल. पोरीला ‘परज्ञा’ म्हणून हाक मारली असेल, ‘पर्द्न्या’ म्हणूनही मारली असेल. पण ठेवलं तेच. कारण त्यांना ठाऊक होतं, की गावाला आता हे नाव म्हणायला शिकावं लागेल. शाळेत मास्तरांना हजेरीत म्हणावं लागेल, तहसील कचेरीत पुकारावं लागेल.

हे वाचत असताना आम्ही पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ गप्प बसलो. कारण आमच्या मुलाला आमच्याकडून सोपं नाव हवं होतं, आणि इथे ज्यांच्याकडे काहीही नव्हतं त्यांनी अवघड नाव हक्कानं घेतलं होतं.

आता आमचा स्वतःचा एक किस्सा सांगून आवरतं घेतो. आमच्या आडनावात ळ आहे. नोकरीत सात वर्षं उत्तरेत काढली. तिथल्या प्रमाण हिंदीत ळ नाही, त्यामुळे आमच्या आडनावाचा पहिल्या दिवसापासून ल झाला. त्यात त्यांची काय चूक? एक वयस्कर सहकारी मात्र रोज प्रयत्न करायचे. जीभ वर वळवायचे, कधी ड यायचा, कधी र यायचा, आणि आम्ही दोघंही हसायचो. बाकीच्यांनी विचारलंही नाही. पहिलं वर्ष आम्ही दुरुस्त करत होतो. दुसऱ्या वर्षी कंटाळलो. आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी नाव विचारलं, तेव्हा आम्ही स्वतःच ‘ल’ म्हणालो. आपल्या तोंडानं. पुण्यात परत आल्यावर आमच्या वडिलांच्या ते लक्षात आलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, सातवाहनांच्या पुळुमावीत आहे, आणि तो आम्ही सात वर्षांत कुणी न मागता देऊन टाकला.

म्हणून या सगळ्या इतिहासातून आम्हाला जे दिसलं ते असं. नाव चुकीचं उच्चारलं जाणार, हे धरूनच चालावं. सोपं नाव ठेवलं तरी ते चुकणार आहे. ‘तारा’चा त इंग्रजाच्या तोंडी ट होणारच. दुसऱ्याच्या जिभेला न येणारा आवाज ही चूक नाही, ती भाषेची हद्द आहे. तिथे मिलिंद जन्मतो, ग्यानबा जन्मतो, इष्टुर फाकडा जन्मतो. पण नाव विचारायचंच नाही, सांगितलं तरी ऐकायचं नाही, ही मात्र बेपर्वाई. पहिल्या गोष्टीसाठी नाव बदलू नये आणि दुसरीसाठी तर मुळीच बदलू नये. आणि तिसरी एक गोष्ट आहे, जी सर्वांत वाईट. लोक चुकतील या भीतीने आपणच आपलं नाव आधी मोडून ठेवणं. ते आम्ही केलेलं आहे, म्हणून सांगतो.

याचा अर्थ सोपी नावं वाईट, असा काढू नका. मीरा सुंदर नाव आहे. आवडलं म्हणून ठेवावं, भ्यायलो म्हणून ठेवू नये. आणि ज्यांना ठरवायला वेळ हवा आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाशिवायही जन्माची नोंद होते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा बेचाळीस दिवसांची घाई निदान इथे तरी नाही.

मुलाला आम्ही हे सगळं फोनवर सांगितलं. एवढं लांबलचक नाही हो! (हशा) तो म्हणाला, “पण बाबा, स्पेलिंग?” आम्ही म्हटलं, ते तुम्ही दोघं ठरवा, त्या बाबतीत जोन्स आणि गिलख्रिस्ट यांचंही एकमत झालं नव्हतं. सूनबाईंनी डी-एन-वायच ठेवलं. त्या हिंदी बोलणाऱ्या, तरी. आम्ही कारण विचारलं, तर म्हणाल्या, “पापाजी, ‘जी’ लावला तर लोक विचारणारच नाहीत, वाचून मोकळे होतील. ‘डी-एन’ बघितलं की थांबून विचारतील तरी.” इतिहासाच्या चार पुस्तकांतून आम्हाला जे कळलं, ते त्यांना असंच कळलं होतं.

बारसं लीड्सला झालं. आपल्याकडे नाव आधी कागदावर लिहीत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. नाव आधी ज्याचं त्याला ऐकवायचं, मग जगाला. आमची मुलगी इथून फोनच्या पडद्यावर होती, तिने लांबूनच कुर्र केलं आणि ‘द्न्यानदा’ म्हणाली. लखनौच्या आजी ‘ग्यानदा’ म्हणाल्या. शेजारच्या एक इंग्रज बाई आल्या होत्या. त्यांनी तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा ‘न्यान्दा’ म्हणाल्या. बाळ तिघींकडेही बघत होतं.

प्रश्नोत्तरांसाठी अजून पंधरा मिनिटं आहेत. विचारताना आधी आपलं नाव सांगा. आणि आमच्याकडून उच्चार चुकला, तर जरूर दुरुस्त करा.